सोजरीची खाण

"तोंड आमच्याकडं करून बसू नको. पाठ आमच्याकडं, डोळे वर," आत्याबाई म्हणाल्या. "वरनं मातीचा एक खडा जरी घरंगळला तरी हाक मारायची. आणि बोलत राहायचं. तू गप्प झालीस की आम्हाला वाटतंय झोपलीस."

"काय बोलू?"

"काहीबी बोल. तुला ते सांगावं लागतंय होय?"

मथुराबाई, माझी थोरली जाऊ, पदर तोंडाला लावून हसली. माझं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि हा भादवा चालला होता. तेवढ्यात साऱ्या आळीला कळलं होतं की भानुदासाच्या बायकोच्या तोंडाला झाकण नाही. सासरी पाठवताना माझ्या आईनं एकच गोष्ट सांगितली होती, "सोजर, तिकडं जरा तोंड आवर." ते काही मला जमलं नव्हतं. आणि इथं सासूच म्हणत होती, बोल. मी खुशीत दगडावर बसले, पाठ खाणीकडं केली आणि सुरू झाले.

आमची शेतं काळी आणि गावाबाहेरचं ते टेकाड पांढरं, म्हणून त्याला पांढर म्हणायचे. आधीचं गाव म्हणे तिथं होतं आणि एका रात्रीत पालथं झालं. कशानं, ते घराघरात वेगळं सांगायचे. टेकाडाभोवती मातीचा जुना तट होता, दोन पुरुष उंच, माथ्यावर बोरी उगवलेल्या. तटाच्या आतल्या जागांना नावं होती. हत्तीखाना, सोनारआळी, बाजारतळ. हत्तीखान्यात शेळ्या चरायच्या आणि बाजारतळात सराट्यांशिवाय काही नव्हतं. पण म्हातारी माणसं "जरा बाजारतळापर्यंत जाऊन येतो" असं इतक्या सहज म्हणायची, की नवीन असताना मी मामंजींना येताना गूळ आणायला सांगितला होता. त्यावरून मला महिनाभर चिडवलं.

तटाची माती आतून राखेसारखी मऊ आणि पांढरीशुभ्र. घट बसायच्या आधी गावातल्या बाया ती खणून आणायच्या, भिजवायच्या आणि भिंती पोतारायच्या. चांगली माती वर नसायची, ती तटाच्या पोटात. म्हणून खालून कोरत आत शिरायचं, वाकून, जेमतेम एक बाई बसून खणेल एवढं. त्या भोकाला आम्ही खाण म्हणायचो. दोघी आत खणायच्या, एक बाहेर पोती भरायची आणि नवी सून तोंडाशी राखणीला बसायची. ही रीत होती. त्या दिवशी आत आत्याबाई आणि मथुराबाई होत्या, पोती भरायला शेजारच्या लोचनाकाकू.

"आत्याबाई, ती पलीकडची खाण कुणाची?" मी विचारलं. तटाला ओळीनं जुनी भोकं होती, काही अर्धी बुजलेली.

"ती गयीची," आतून आवाज आला.

"आणि तिच्या शेजारची?"

"ठकीची. तिच्यापुढची दोघींची."

"दोघींची म्हणजे वाटणीत का?"

आतनं खुरप्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

"गयीच्या खाणीतली माती किती पांढरी दिसतीया," मी म्हणलं. "आपण हितं पिवळीशार खरवडत बसलोय. तिला विचारून तिच्यातली दोन पोती न्यावीत की. कुणाच्या घरची आहे ही गयी? मला अजून भेटली नाही."

"भेटंल कशी," लोचनाकाकू पोत्यात माती ओतत पुटपुटल्या.

"का? माहेरी गेली का?"

"सोजर," आत्याबाई आतून म्हणाल्या, "दुसरं काहीतरी बोल."

मग मी आमच्या माहेरच्या म्हशीचं सांगायला लागले. ती कशी फक्त माझ्याच हाताला पान्हा सोडायची, आणि लग्नात मी बोहल्यावर चढले तर गोठ्यात कशी हंबरत होती. मथुराबाई भरलेली पाटी घेऊन बाहेर आली, हसत म्हणाली, "म्हशीचं सांगशील तर आम्हालाबी पान्हा फुटायचा." तेवढ्यात माझ्या हातावर काहीतरी पडलं. डोळे वर केले. तटाच्या माथ्यावर बोरीच्या मुळाशी एक भेग होती. सकाळी ती नव्हती. तिच्यातनं माती गळत होती, चाळणीतनं पीठ गळावं तशी, अगदी सावकाश.

"आत्याबाई, बाहेर या," मी ओरडले. "माती गळायलीय. बाहेर या लवकर."

"एवढी पाटी भरू दे."

"पाटी मरू द्या, या ना."

आतून त्या उठल्याचा आवाज आला. मग गाय बसते तसा एक जड आवाज झाला आणि खाणीच्या तोंडातनं पांढरा धुरळा बाहेर आला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

 मथुराबाईच्या हातातली पाटी खाली पडली. लोचनाकाकूंनी तोंडावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या, "गडी आणते, मी गडी आणते," आणि चप्पल टाकून पळत सुटल्या. पण गडीमाणसं सगळी उडदाच्या काढणीला ओढ्यापलीकडं गेलेली. ते मलाही ठाऊक होतं.

धुरळा बसला तेव्हा आत्याबाई दिसल्या. कमरेच्या वरपर्यंत मातीत, डोक्यावरनं पांढऱ्या झालेल्या. त्यांनी डोळे उघडले आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "रिकामी पाटी दे. डोक्यावर धरते."

मी पाटी दिली. त्यांनी ती पालथी डोक्यावर धरली. मी खुरपं घेऊन आत वाकले.

"तू नको येऊ. मथुरे, तूबी नको. तुझी दोन लेकरं हायेत. ह्या पोरीच्या अंगावरची हळद अजून उतरली नाही. दोघी बाहेर थांबा. गडी येतील."

"गडी येईस्तोवर तुम्ही काय करणार?"

"बसते इथं. कुठं जायचंय मला?"

"मी येणार," मी म्हणलं. "जाऊबाई, तुम्ही माझ्या जागी बसा. वर बघा आणि बोलत राहा. तुम्ही गप्प झालात तर मला कळणार नाही."

मथुराबाई दगडावर बसली. डोळे तिनं वर लावले.

मी एका बाजूनं माती काढायची आणि वरनं तेवढीच खाली यायची. आत्याबाईंनी थोडा वेळ बघितलं, मग म्हणाल्या, "अशी नको. भरलेली पोती ओढून आण. माझ्या पाठीमागं रच, म्हणजे वरची माती पोत्यावर थांबंल." मी पोती ओढली. एरवी एक पोतं हलवायला मला माणूस लागायचं. त्या दिवशी कशी ओढली, देव जाणे. पोत्यांची आड झाली तशी माती थांबली, आणि मी हातानं, खुरप्यानं, नखानं उकरायला लागले.

बाहेर सगळं शांत होतं.

"जाऊबाई, बोला ना."

"काय बोलू गं?" ती म्हणाली. "मला काहीच सुचंना."

"काहीबी बोला. पोरांची नावं घ्या."

"नको, त्यांची नावं इथं नको घ्यायला."  मग एकदम तिच्या तोंडातनं एका सुरात यायला लागलं, "गयीची, ठकीची, दोघींची, भागूची. गयीची, ठकीची, दोघींची, भागूची." दुसरं काही तिला आठवतच नव्हतं बहुतेक. ती खाणींची नावं घेत होती, वर भेगेकडं बघत, न थांबता.

मी उकरत होते आणि ऐकत होते. आणि उकरता उकरता माझे हात थांबले.

"आत्याबाई, गयी कोण?"

"माती काढ तू."

"कोण आहे गयी? सांगा मला."

त्यांनी पाटीखालनं माझ्याकडं बघितलं. "माझी धाकटी नणंद. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या साली."

"इथं?"

"इथं म्हणजे तिथं. त्या खाणीत. ठकी सुताराची. दोघी त्या माळ्याच्या सासू-सुना. भागूला मी बघितलेलं नाही." त्यांनी दम घेतला. "ज्या खाणीनं बाई घेतली तिला बाईचं नाव पडतंय. मग तिच्यात कुणी खणत नाही. ती खाण तिची. आमच्या बाया असंच सांगत आल्या."

 सकाळपासून मी काय काय बडबडले होते ते सगळं आठवलं. दोन पोती मागून आणावीत म्हणलं होतं मी.

"आणि ह्या खाणीला नाव का नाही?"

"अजून लागलं नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या. मग थोडं हसल्या, खरंच हसल्या. "हौशीची म्हणा. वाईट नाही दिसत नाव."

"तुमचं नाव नाही ठेवायचं," मी म्हणलं. मला भयंकर राग आला होता, त्यांच्यावर, त्या तटावर, सगळ्यांवर. "उगीच काहीबी बोलू नका. पाय हलवून बघा."

"डावा हलतोय. उजवा माझा नाहीच असं वाटतंय."

"सोजर," बाहेरनं मथुराबाईचा आवाज आला. नावं घ्यायची ती थांबली होती. "भेग रुंदावली गं. माझा हात जाईल एवढी झालीय."

"जा," आत्याबाई म्हणाल्या. "झालं तेवढं बास. जा म्हणते ना."

मी गेले नाही. शूर होते म्हणून नाही, मला सुचलंच नाही. मी त्यांच्या काखेत दोन्ही हात घातले आणि मथुराबाईला हाक मारली. "वर बघायचं सोडा आता. माझी कंबर धरा आणि ओढा." ती आली. कशी आली कुणास ठाऊक, पण आली. तिनं मला धरलं, मी त्यांना धरलं, आणि आम्ही ओढलं. आत्याबाई एकदाच ओरडल्या. काहीतरी कडकन मोडल्यासारखं झालं आणि आम्ही तिघी एकमेकींच्या अंगावर बाहेर येऊन पडलो. तशाच सरपटत मागं गेलो, जेवढं जाता येईल तेवढं.

मग बोरीसकट माथ्याची कड खाली आली. खाणीच्या तोंडावर अर्धा ढिगारा बसला, अर्धं तोंड काळं उघडं राहिलं. आमची पोती, पाट्या, खुरपी सगळं आत.

गडी आले तेव्हा त्यांना करायला एवढंच उरलं होतं, की आत्याबाईंना बाजेवर घालून न्यायचं. पाय गुडघ्याखाली मोडला होता. मागोमाग बायाही जमल्या. कुणी पाणी दिलं, कुणी हळद आणली, कुणी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. माझी नखं सोलली होती.

"देवानं राखली बाई," लोचनाकाकू म्हणाल्या. मग खाणीकडं वळून बघत राहिल्या. "चार दिवस वाळू दे. ह्या अंगानं नवं तोंड पाडू. घट तर तोंडावर आले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "परत हिच्यात?"

"मग कुठं? बाकीच्यांना नावं पडली. हीच एक राहिली. पलीकडच्या अंगाला सगळी मुरमाड."

"मग हिलाबी नाव ठेवा आणि सोडून द्या."

"कुणाचं ठेवू?" लोचनाकाकू म्हणाल्या, अगदी साधेपणानं. "कुणी गेलंय का?"

त्या वाईट बाई नव्हत्या. पुढंही त्यांनी माझं पुष्कळ केलं. पण त्या क्षणी मी त्यांच्याकडं बघितलं, मागं उभ्या असलेल्या बायांकडं बघितलं, आणि कळलं की त्या सगळ्या पुढच्या आठवड्यात पाट्या घेऊन येणार आहेत. आत्याबाई दरसाल येत आल्या तशा त्याही येत आल्या होत्या, आणि मथुराबाई येईल, आणि मी येईन. एक बाई आत राहिल्याशिवाय हे भोक बंद होणार नव्हतं.

"नावच लागतंय ना तुम्हाला?" मी म्हणलं. "मग माझं घ्या. भानुदासाची बायको, सोजर. आजपासून ही सोजरीची खाण. ऐकलं का सगळ्यांनी? सोजरीची."

मथुराबाईनं माझ्या तोंडावर हात दाबला. कुणीतरी "अगं बया" म्हणून मागं सरकलं. बाजेवरनं आत्याबाईंनी मान उचलली. सकाळपासून मला बोल, बोल म्हणणारी ती बाई एकच शब्द बोलली.

"गप."

पण बोललेलं परत घेता येत नव्हतं. जिवंत बाईचं नाव खाणीला दिलं, तेही भर पांढरीवर, सगळ्या बायांच्या कानांदेखत.

घरी आल्यावर हाड बसवणाऱ्यानं आत्याबाईंच्या पायाला फळ्या बांधल्या. ते होईपर्यंत त्यांनी हूं की चूं केलं नाही. तो गेला तसं त्यांनी सगळ्यांना समोर बोलावलं. "आजपासून हिला कुणी त्या नावानं हाक मारायची नाही. घरात नाही, दारात नाही, पाण्यावर नाही. ही धाकटी. ज्याच्या तोंडातनं दुसरं नाव निघंल त्याचे दात पाडीन."

"मी कुठं तिला नावानं हाक मारतो?" आमचे मालक म्हणाले.

"मनातबी म्हणायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या.

आता पांढरीला तारेचं कुंपण आहे. बाया पोतारा विसरल्या, दुकानातनं रंग आणतात. मागच्या वर्षी सरकारी खात्यातल्या एक बाई आल्या होत्या, हसऱ्या, चष्मा घातलेल्या. तट दोन हजार वर्षांचा असेल म्हणाल्या, आणि शंखाच्या बांगडीचा तुकडा दाखवला. तसले तुकडे आम्ही पाटीभर फेकून दिले असतील. त्यांना जागांची नावं हवी होती, म्हणून लोकांनी माझ्याकडं पाठवलं. मी हत्तीखाना सांगितला, बाजारतळ सांगितला, आणि मग खाणी, ओळीनं, मथुराबाईनं म्हणल्या होत्या तशा. खाणींना ही नावं कशी पडली तेही सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आणि ह्या सोजरबाई कधी गेल्या?"

"ते अजून ठरलं नाही," मी म्हणलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या साली मात्र ते ठरल्यासारखंच झालं होतं.

आमच्या भिंती त्या नवरात्रात तशाच राहिल्या. सोजरीच्या खाणीशी कुणी फिरकलं नाही, गावातल्या निम्म्या घरांना पोतारा नव्हता. आणि घट बसले न बसले तोच मला ताप भरला. काही केल्या हटेना. तालुक्याचा डॉक्टर येऊन सुई टोचून गेला, टायफॉइड म्हणाला, आणि मालकांना बाहेर नेऊन आणखी काहीतरी म्हणाला. मला पाणी कडू लागायचं. आढं खाली येतंय असं वाटायचं. बाया दारातनं डोकावून जायच्या, आत कुणी यायचं नाही. एकदा लोचनाकाकूंचा आवाज आला, "नाव दिलंय म्हणल्यावर ते मागं लागणारच की." त्यावर आत्याबाईंनी पडल्या पडल्या पितळेचा तांब्या फेकून मारला, तो भिंतीवर आपटलेला मला ऐकू आला.

मला भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू? दिवसा वाटायचं, तापच आहे, उतरेल. पण डोळे मिटले की खाणीचं ते उघडं राहिलेलं अर्धं तोंड दिसायचं आणि वाटायचं, ते आपल्यासाठीच राहिलंय.

एका तिन्हीसांजेला मथुराबाई गोठ्यात होती, मालक औषधाला गेले होते. मी गोधडीत पडले होते. पलीकडनं फरफटत येण्याचा आवाज आला. फळ्या बांधलेला पाय ओढत आत्याबाई उंबऱ्याशी गेल्या आणि बसल्या. पाय मोडल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच बाज सोडली होती. अंगणात कुणी नव्हतं, मला पडल्या जागेवरनं दिसत होतं.

"तिथंच थांब," त्या अंगणाला म्हणाल्या. "आत यायचं कारण नाही. कोण पाहिजे?"

थोडा वेळ त्या कान देऊन बसल्या.

"सोजर? ह्या घरात सोजर कुणी नाही. तिची जागा वर पांढरीत, तटाला, उगवतीच्या अंगाला. साऱ्या गावाला ठाऊक आहे, कुणालाबी विचार. दार उघडंच ठेवलंय तिनं."

 गोधडी मी गळ्यापर्यंत ओढली.

"आत कण्हतीया ती? ती आमची धाकटी. तिचं तुझ्याकडं काही काम नाही." आत्याबाईंचा आवाज चढला, भाजीवालीशी भांडताना चढायचा तसा. "माझ्यावर भरवसा नाही? मग ऐक. तूच ऐक."

आणि त्यांनी माझ्याकडं न बघता, तोंड अंगणाकडंच ठेवून, मोठ्यानं हाक मारली.

"सोजर."

कितीतरी दिवसांत ते नाव कुणाच्या तोंडून माझ्या कानावर पडलं नव्हतं.

"ए सोजर. सोजर गं."

आईनं हाक मारावी तशी मारली त्यांनी, लांबवून. माझ्या पोटातनं 'ओ' वर आला. जन्मात मी कुणाची हाक रिकामी जाऊ दिली नव्हती. मी गोधडीचा बोळा तोंडात कोंबला, दातांनी धरला, आणि डोळ्यातनं पाणी वाहत असताना तशीच पडून राहिले.

"बघितलंस?" आत्याबाई अंगणाला म्हणाल्या. "हाय का कुणी?"

बाहेर अंधारत आलं. त्या बराच वेळ उंबऱ्यात आडव्या बसून राहिल्या. मग पाय ओढत, भिंतीला धरत आत आल्या, माझ्या उशाशी टेकल्या आणि माझ्या तोंडातला गोधडीचा बोळा हळूच काढला. त्यांची बोटं थंडगार होती.

"आता बोल, धाकटे," त्या म्हणाल्या.